राज्यशास्त्र मेजर घेतलंय, गाईड पाठ होतंय, विषय कळत नाही (सोलापूर)

मंद्रूप_एसटी
नमस्कार. मी मंद्रूपहून रोज एसटीने सोलापूरला कॉलेजला येते. बी.ए. दुसरं वर्ष, राज्यशास्त्र मेजर. पहिल्या वर्षी मार्क चांगले पडले, पण ते कसे पडले ते मला माहीत आहे. परीक्षेआधी गाईड आणलं, त्यातले चांदणी केलेले प्रश्न पाठ केले. सार्वभौमत्वाची वैशिष्ट्ये, मुद्दे एक ते सात. आता कुणी विचारलं, "सार्वभौमत्व म्हणजे काय गं?" तर सात मुद्दे धाडधाड म्हणून दाखवीन. त्यापुढे एक वाक्य स्वतःचं सांग म्हटलं की गप्प.

यंदा क्षेत्रीय प्रकल्प आहे. वर्गातल्या निम्म्यांनी "ग्रामपंचायतीची रचना व कार्ये" घेतलाय आणि उरलेल्यांनी "निवडणूक आयोग: एक अभ्यास". दोन्ही झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, स्पायरल बाइंडिंगसकट. वडील म्हणतात पोलीस भरतीचं बघ. आत्या म्हणते, राज्यशास्त्र शिकून पोरगी काय सरपंच होणार का.

मला विचारायचंय ते एवढंच: हा विषय नीट शिकायचा तर काय वाचायचं, काय बघायचं? आणि सोलापुरात राहून खरोखर करता येईल असा प्रकल्प सुचवा. यूपीएससीचे सल्ले नकोत, ते गल्लीत फुकट मिळतात.

सातरस्ता
यूपीएससी नको म्हणालात, मग एमपीएससी करा. हलकेच घ्या.
तसं २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, वैकल्पिक विषय आलेत आणि त्यात राज्यशास्त्र आहे. म्हणजे आता क्लासवाल्यांचे बोर्ड अजून मोठे होणार, बघा.

खडू_फळा
अगं म्हटलेलं चालेल ना? नोकरीभर हाच विषय शिकवला आणि निवृत्त झालो, त्यामुळे सवय जात नाही.

ते सात मुद्दे बाजूला ठेव. राज्यघटनेची शासनाने छापलेली मराठी प्रत घे, कुणाचं भाष्य नसलेली. सुरुवातीपासून वाचू नकोस, कंटाळशील. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेला नगरपालिकांचा भाग उघड. अनुच्छेद २४३च्या शेपटाला अक्षरं जोडत जाणारा तो भाग १ जून १९९३ पासून लागू आहे. त्यात सरळ लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे.

आता आपली महापालिका बघ. २०१७ साली निवडून आलेल्या १०२ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. घटनेत "झालीच पाहिजे" असं असताना हे घडलं कसं? या एका प्रश्नाच्या मागे लाग.

मागे लागलीस की काय काय सापडेल ते सांगतो. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका खटल्यात सांगितलं की स्थानिक संस्थांमध्ये ओबीसी आरक्षण द्यायचं तर तीन अटी पाळा. समर्पित आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरती आकडेवारी गोळा करा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. आकडेवारी तयार नव्हती. मग २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. मग ओबीसींच्या आकडेवारीसाठी बांठिया आयोग, मग प्रभाग किती आणि कसे यावरून पुन्हा कोर्ट, आणि शेवटी मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असा आदेश. तुझ्या गाईडमध्ये न्यायमंडळ, विधिमंडळ, निवडणूक आयोग आणि आरक्षण अशी चार वेगळी प्रकरणं असतील. इथे ती चारही एकमेकांच्या अंगावर आलेली दिसतात. (आणि हो, राज्य निवडणूक आयोग वेगळा, भारताचा निवडणूक आयोग वेगळा. एम.ए.ची मुलंसुद्धा तोंडी परीक्षेत इथे घसरतात.)

दुसरी गोष्ट, बारावी अनुसूची. पालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी आहे, त्यात पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत. "सोपवता येतील", "सोपवले आहेत" नव्हे. सोपवायचे की नाही ते राज्य सरकार ठरवतं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं आणि त्या कामांसाठी वेगळी कंपनी निघाली. कंपनी म्हणजे संचालक मंडळ आलं. शहरातला रस्ता खणायचा निर्णय निवडून आलेल्या सर्वसाधारण सभेत व्हायचा की कंपनीच्या बैठकीत? सार्वभौमत्व राहू दे, आधी सत्ता नेमकी कुठे बसते ते या उदाहरणात शोध.

सातरस्ता
सर, पाणी चार-पाच दिवसांआड येतंय हे कळायला राज्यशास्त्र कशाला पाहिजे? टाकीत डोकावलं तरी कळतंय की.

खडू_फळा
टाकीत डोकावून पाणी नाही एवढंच कळतं. उजनी धरण जलसंपदा खात्याचं, जलवाहिनीचा खर्च अनेकांत वाटलेला, आणि चार वर्षं वॉर्डात नगरसेवकच नव्हता. आता भांडायला कुणाच्या दारात जाणार ते सांगा.

सातरस्ता
बरं. हे बरोबर बोललाव.

माळशिरसकर
मारकडवाडीचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटतंय. आमच्याच तालुक्यातलं गाव. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. गावातल्या लोकांना आपल्या केंद्रांवरचे आकडे पटले नाहीत, म्हणून ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. देशभरातले कॅमेरे गावात. यापेक्षा जिवंत विषय कुठे मिळणार?

शांततेत_वाचा
कृपया इथे पक्षीय राजकारण आणू नका. मुलीने अभ्यासाचं विचारलंय.

माळशिरसकर
मी कुठल्या पक्षाचं नाव घेतलं ते दाखवा.

शांततेत_वाचा
नाव न घेताही कळतं हो सगळं.

बूथ_एजंट
थांबा दोघंही. हा विषय कुणाचीही बाजू न घेता करता येतो, मी सांगतो कसा. बऱ्याच निवडणुकांत मी केंद्रावर बसलोय. कुणासाठी ते विचारू नका.

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष १७-क नावाचा नमुना भरतो. यंत्रात एकूण किती मतं पडली ते त्यात असतं आणि त्याची प्रत एजंटाला द्यावी लागते. मोजणीनंतर केंद्रवार निकालाचा तक्ता तयार होतो, त्याला फॉर्म २० म्हणतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. म्हणजे तुमच्या गावच्या शाळेतल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे घरबसल्या बघता येतं. व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठीने काढलेल्या पाच केंद्रांच्या मोजतात, हे २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून. मतपत्रिकेवर परत जा ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, मुदत ४५ दिवस.

हे सगळं समोर ठेवून मग मारकडवाडीबद्दल विचारायचं: गावाने घेतलेलं मतदान गुप्त राहिलं असतं का? ते घ्यायचा अधिकार कुणाला? आणि तो अधिकार नसेल तर शंका आलेल्या मतदाराने जायचं कुठे? तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, त्यामुळे तो टाळू नका. दोन्ही बाजूंचे लोक तुमच्यावर चिडले तर प्रकल्प चांगला झाला समजा.

भैय्याचौक
आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर असेल तर आमच्या चौकात या. डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक सोलापूरचा, १९४२ मध्ये तिकडेच गेला. भारतात येणारे चिनी नेते आजही त्यांचं नाव घेतात, आणि सीमेवर मात्र १९६२ झालं, गलवान झालं. दोन देशांनी एक माणूस आपापल्या सोयीने कसा वापरला यावर पानं भरतील.

पूर्वभाग
सगळे संस्था आणि कायदेच सांगायलाव. विचारवंतांचा पेपर असतोय ना? पोरं तिथेच मरतात. हॉब्ज, लॉक, रूसो, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी.

मी स्वतः हा विषय घेऊन शिकलो, नोकरी वेगळीच करतो. आमचं घर गिरणीतलं. आजोबा साचावर, आजी विड्या वळायची, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. मला हॉब्ज कळला तो १९३० च्या सोलापुरामुळे. हॉब्जने लिहिलं १६५१ साली, इंग्लंडमधल्या यादवीनंतर. त्याचं म्हणणं, राज्य उठलं की माणूस माणसाचा वैरी होतो, म्हणून सगळ्यांनी आपले हक्क एका सत्तेच्या हवाली करावेत. आता मे १९३० बघा. गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं, ८ मेला गोळीबार झाला, पोलीस चौकी जाळली, पोलीसही मारले गेले. पुढचे काही दिवस सरकारी अंमल नावाला उरला. १२ मेला मार्शल लॉ आला आणि जूनच्या शेवटापर्यंत राहिला. गांधी टोपी घालायलासुद्धा बंदी.

आमच्याकडे हे दिवस सांगताना लोक "सोलापूर तेव्हा स्वतंत्र होतं" म्हणतात. स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली असं जुनी माणसं सांगायची. मग राज्य उठल्यावर गावात हॉब्ज म्हणतो तसं झालं, की लोकांनी आपली घडी आपण बसवली? की थोडं हे आणि थोडं ते? आणि मार्शल लॉ लावणारी सत्ता सुव्यवस्था आणत होती का, की भीतीच? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आपण चौकात हार घालतो आणि पुढे जातो. त्यांना शिक्षा देणाऱ्या कायद्याला न्याय्य म्हणायचं का, हा लॉकचा प्रश्न आहे (सत्तेनेच लोकांचे हक्क मोडले तर तिला मानायचं का), आणि तो वर्गात कुणीच विचारत नाही.

विचारप्रणालीचं पण तसंच. "साम्यवादाची वैशिष्ट्ये" पाठ करण्यापेक्षा कुंभारीला जाऊन या. कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर वसाहत. मागणी लावून धरली ती मार्क्सवादी पक्षाच्या आडम मास्तरांनी, तीन वेळा आमदार झालेल्या. योजना केंद्राची, आणि पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण करायला जानेवारी २०२४ मध्ये आले पंतप्रधान मोदी. लाल झेंडा आणि भाजपचं सरकार एका मांडवात. याचं उत्तर कुठल्या "इझम"मध्ये बसवायचं ते बसवा. विडी वळणाऱ्या बाईला मात्र घर मिळालं.

माळशिरसकर
त्याच न्यायाने सांगोला पण बघा. गणपतराव देशमुख शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष) ११ वेळा आमदार. बाकीच्या महाराष्ट्रातून पक्ष आटत गेला आणि इथे टिकला. पुढे "काय झाडी, काय डोंगार"वाले शहाजीबापू पाटील निवडून आले, आणि २०२४ ला पुन्हा शेकाप, देशमुखांचा नातू. पक्ष, माणूस की घराणं, ठरवा.

वकिली_बुद्धी
एक मुद्दा सुटतोय. मतदारसंघच मुळात कोण आखतं? २००९ पासून सोलापूर लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्याआधी जिल्ह्यात पंढरपूर राखीव होता, तो गेला आणि माढा नवा झाला. हे २००१ च्या जनगणनेवर झालेल्या परिसीमनामुळे, म्हणजे मतदारसंघांच्या फेरआखणीमुळे. लोकसभेत कुठल्या राज्याला किती जागा हा आकडा तर ८४व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवला होता. म्हणजे तुम्ही कॉलेजात असतानाच हा वाद पेटणार. आत्तापासून कात्रणं ठेवा.

आणि पक्षांतरबंदी वाचायची असेल तर दहावी अनुसूची स्वतः वाचा, मग शिवसेनेच्या फुटीवरचा ११ मे २०२३ चा निकाल. टीव्हीवरच्या चर्चा बंद ठेवून. बी.ए. नंतर तीन वर्षांचं एल.एल.बी. करायचं असेल तर ही तयारी वाया जात नाही, एवढं स्वानुभवाने सांगतो.

तासिका_तत्त्व
सगळं छान चाललंय, पण पोरीच्या वडिलांच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे.

मी राज्यशास्त्रात एम.ए., सेट आणि नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दोन्ही पास. सेट पुणे विद्यापीठ घेतं, नेट एनटीए. नेटला पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, तीन तास सलग. हे सगळं करून मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही, आणि बिल निघतं तेव्हा निघतं. घरी पाहुणे आले की आई म्हणते, "प्रोफेसर आहे." मी आत जाऊन बसतो.

विषयावर माझा राग नाही. वर्गात पाच-सहा पोरं अशी असतात की त्यांच्यासाठी दुपारच्या उन्हात जावंसं वाटतं. पण "आवडीचं शिक, बाकी आपोआप होईल" हे कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. पदवीबरोबर हाताला दुसरं काहीतरी पाहिजे. आकडेवारी हाताळणं, मराठीत आणि इंग्रजीत नीट लिहिणं, कायदा, पत्रकारिता, काहीही. पोलीस भरतीसुद्धा वाईट नाही. राज्यघटना कळलेला पोलीस मिळाला तर शहराचं भलंच आहे.

मंद्रूप_एसटी
सर्वांचे खूप आभार. तासिका सर, तुमची पोस्ट मी वडिलांना वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, "हा माणूस खरं बोलायलाय."

प्रकल्पाचं बरंच डोक्यात घोळलं. महापालिकेचा विषय मोठा वाटतो. आमच्या भागातल्या गावात ग्रामसभा खरोखर भरते का, असा घेतला तर? पण मग तो "रचना व कार्ये"सारखाच होईल का?

अक्का_बार्शी
नाही गं होणार, मी सांगते. मी ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होते, महिला राखीव जागेवर. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या ना, त्यातली. सुरुवातीला मासिक बैठकीला आमचे मालकच जायचे, मी घरी सही करायची. पुढे मीच जायला लागले, त्यावरून घरात काय झालं ते इथे नको.

कायदा काय म्हणतो ते आधी लिहून काढ. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब. आणि गंमत इथे आहे, तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्तीची अट नाही! आता तू गेल्या काही वर्षांचं ग्रामसभेचं नोंदवही-प्रोसिडिंग बघ. किती सभा तहकूब झाल्या, आणि मोठे ठराव पहिल्या सभेत झाले का तहकूब सभेत. हजेरीच्या सह्यांत बायकांच्या सह्या किती, अंगठे किती, आणि एकाच हाताच्या वाटणाऱ्या सह्या किती, ते नजरेनेच कळतं.

दुसरं, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यात आहे. ती झाली का, तिथे काय विषय निघाले आणि त्यातलं मोठ्या सभेत काय पोहोचलं, एवढंच जरी मांडलंस तरी झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही असा प्रकल्प होईल. आमच्याकडे महिला सभेत दारूचं दुकान आणि पाण्याचा नळ हे दोनच विषय यायचे. मोठ्या सभेत नळ पोहोचायचा.

खडू_फळा
अक्कांनी विषय हातात दिला. मी तंत्र सांगतो. एक गाव घेऊ नकोस, दोन घे. शक्यतो एक नदीकाठचं बागायती आणि एक कोरडवाहू, म्हणजे तुलना करता येईल. सभेला स्वतः जाऊन बस. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरून ठेव. कोण किती वेळ बोललं ते लिही, काय बोललं त्याच्याआधी.

वकिली_बुद्धी
नोंदवही दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या ग्रामसभा इतिवृत्तांच्या छायांकित प्रती" असं नेमकं मागा.

अक्का_बार्शी
अहो वकीलसाहेब, आधी नुसतं जाऊन मागू द्या की तिला. अर्ज टाकला की गावात बोभाटा होतो, "ही कुणाच्या सांगण्यावरून आली" म्हणून. आधी कॉलेजचं पत्र घेऊन जा, चहा घे, मग वही माग.

होटगी_रोड
मी पण दुसऱ्या वर्षालाच आहे, दुसऱ्या कॉलेजात. मला फॉर्म २० करायचाय, दक्षिण सोलापूर, २०१९ आणि २०२४. बूथ एजंट काका, फाइल उघडली तर स्कॅन केलेले फोटो आहेत, आकडे कॉपी होत नाहीत.

बूथ_एजंट
होणारही नाहीत. एक्सेलमध्ये हाताने टाका, दोघं बसा, एकाने वाचायचं, एकाने टाइप करायचं. प्रत्येक पानाची बेरीज खाली दिलेल्या बेरजेशी जुळवून मगच पुढे जा. आणि महत्त्वाचं: २०१९ चं केंद्र क्रमांक ११२ आणि २०२४ चं ११२ एकच आहे असं धरू नका. मतदार वाढले की केंद्रं फोडतात आणि क्रमांक सरकतात. दोन्ही वर्षांच्या मतदान केंद्रांच्या याद्या काढा आणि शाळेच्या नावावरून, खोली क्रमांकावरून जुळवा. टपाली मतं शेवटी वेगळी असतात, ती कुठल्याच केंद्रात मिसळू नका. सुरुवातीला मंद्रूपचीच केंद्रं घ्या, ती मुलगी आहे तिथली, शाळा कुठली ते ती सांगेल.

मंद्रूप_एसटी
सांगते. यादी इथेच टाक.